मौनाचे व्याज : हॅक झालेले खरेदी-खाते सोडवताना

रात्री नऊच्या सुमारास पेढीवर दिवसभराचा मेळ बसवण्याचे काम चालू असते. रोख मोजून झालेली असते, यूपीआयच्या जमा रकमा वहीशी ताडलेल्या असतात आणि शेवटी बँकेचा उतारा उघडला जातो. जिल्ह्याच्या गावातील एका साडीच्या दुकानात गुरुवारी रात्री असाच मेळ चालला असता धाकट्या सुनेच्या नजरेस दोन नोंदी पडल्या. एक सोमवारची, ३८,५०० रुपयांची. दुसरी बुधवारची, २१,००० रुपयांची. दोन्ही रकमा घरच्या बचत खात्याच्या डेबिट कार्डावरून गेल्या होत्या आणि कोणत्याही बिलाशी त्यांचा मेळ बसेना. तिने पतीला विचारले, पतीने थोरल्या भावाला विचारले. अखेरीस घरातील वडीलधारे, ज्यांना सारे घर बाबूजी म्हणते, ते हळू आवाजात म्हणाले, "मला ठाऊक आहे. सोमवारीच कळले होते."

"मग सांगितले का नाहीत, बाबूजी?"

"चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलो, बेटा. माझ्या हातून असे झाले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?"

ही हकिकत कोणा एका घराची नाही. बाजारपेठेतील कोणत्याही घरात घडू शकेल असा नमुना म्हणून ती येथे मांडली आहे. मात्र बाबूजींचे ते शेवटचे वाक्य अनेक घरांच्या ओळखीचे असेल. व्यापाऱ्याची पत त्याच्या मौनावरही उभी असते. तोटा झाला तर तो चार लोकांत बोलायचा नाही, ही पेढीची जुनी शिकवण आहे आणि उधार-उसनवारीच्या व्यवहारात तिला अर्थही होता. हॅक झालेल्या खात्याच्या बाबतीत मात्र हीच शिकवण उलटते. येथे मौनावर व्याज चढते आणि ते दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने चढते.

चोर आत कसा आला

सोमवारी दुपारी बाबूजींना फोन आला. आपले पार्सल अपूर्ण पत्त्यामुळे अडकले आहे, मोबाइलवर आलेला क्रमांक सांगावा, अशी विनंती अत्यंत अदबीने करण्यात आली. घरात दर आठवड्याला काही ना काही मागवले जात असल्याने शंका येण्याचे कारण नव्हते. त्यांनी क्रमांक सांगितला. तो पत्त्यासाठी नव्हता. ऑनलाइन खरेदीच्या खात्यात प्रवेश करण्याचा ओटीपी होता. त्या खात्यात परत केलेल्या मालाचे २४,००० रुपये शिल्लक होते. काही मिनिटांत त्यांची गिफ्ट व्हाउचरे खरेदी झाली. व्हाउचर हीच वस्तू चोराच्या पसंतीची असते, कारण तिला ना पार्सल लागते ना पत्ता. सांकेतिक क्रमांक हाती पडला की माल पोहोचला.

थोड्या वेळाने दुसरा फोन आला. चुकून गेलेली रक्कम परत जमा करायची आहे, त्यासाठी कार्डाचा क्रमांक, मागच्या बाजूचे तीन अंक आणि आलेला ओटीपी सांगावा, असे सांगण्यात आले. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्या संकेतस्थळांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन म्हणून एक पर्यायी सांकेतिक क्रमांक साठवला जातो. त्यामुळे खरेदी-खाते फुटले तरी कार्डाचा पूर्ण क्रमांक चोराच्या हाती आपोआप पडत नाही. तो त्याला मालकाकडून वदवून घ्यावा लागतो. दुसरा फोन त्यासाठीच होता. सोमवारचे ३८,५०० रुपये ओटीपी सांगितल्यामुळे गेले. बुधवारचे २१,००० रुपये एका परदेशी संकेतस्थळावर गेले. तेथे ओटीपी विचारलाच गेला नाही, कारण अनेक परदेशी विक्रेते तो मागत नाहीत आणि बाबूजींच्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय चालू ठेवलेली होती.

तिसरी फट सर्वांत जुनी होती. खात्याला जोडलेला ईमेल दहा वर्षांपूर्वी पुतण्याने उघडून दिला होता. त्याचा पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो ओळखणे चोराला अवघड गेले नाही. ईमेल हाती आल्यावर खरेदी-खात्याचा नोंदलेला मोबाइल बदलला गेला, पासवर्डही बदलला गेला आणि बाबूजी स्वतःच्याच खात्याच्या दारात परके ठरले.

पहिले काम : पैशाची वाट अडवणे

अशा वेळी बहुतेक लोक सर्वप्रथम खाते उघडण्याची खटपट करतात. पासवर्ड आठवून पाहणे, पुन्हा पुन्हा ओटीपी मागवणे, यातच पहिला तास निघून जातो. क्रम उलटा हवा. घरात चोर शिरला असता प्रथम तिजोरीकडे धावावे, दाराच्या कडीकडे नंतर पाहावे.

पहिला फोन बँकेला करावा. क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो किंवा बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये असतो. कार्ड बंद करावे, नेट बँकिंगचा पासवर्ड बदलावा आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून घ्यावी. कार्ड बंद करण्याची आणि ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहार थांबवण्याची सोय बँकांच्या अ‍ॅपमध्येच असते. त्यासाठी शाखा उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला करावा. या व्यवस्थेचे कामकाज बँकेच्या माणसालाही पटावे असे आहे. तक्रारीतील व्यवहाराचा तपशील ज्या बँकेकडे किंवा वॉलेटकडे रक्कम गेली तिच्याकडे तत्काळ पाठवला जातो. रक्कम तेथे शिल्लक असल्यास ती रोखून धरली जाते. पुढे सरकली असल्यास निरोप पुढील बँकेकडे जातो. म्हणजे एका बाजूस चोराचे हात आणि दुसऱ्या बाजूस तक्रारीचा निरोप, अशी ती शर्यत असते. सोमवारी दुपारी केलेला फोन आणि गुरुवारी रात्री केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते ते यामुळेच. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार पूर्ण करावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे आणि कलम ६६ ड नुसार संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हे गुन्हे आहेत; दोहोंना तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

या घाईत एक पथ्य पाळावे. आलेले संदेश, ईमेल आणि फोनच्या नोंदी रागाने किंवा लाजेने पुसून टाकू नयेत. तोच पुढील सारा पुरावा असतो.

दुसरे काम : मुळावरचे कुलूप

पैशाची वाट अडली की ईमेलकडे वळावे, खरेदी-खात्याकडे नव्हे. खरेदी-खात्याचा नवा पासवर्ड ज्या ईमेलवर येणार तोच चोराच्या ताब्यात असेल, तर बदललेली किल्ली पुन्हा त्याच्याच हाती पडते.

ईमेल परत मिळवताना नेहमीच्याच मोबाइलवरून किंवा दुकानातील नेहमीच्या संगणकावरून प्रयत्न करावा. ओळखीचे उपकरण आणि ओळखीची जागा असल्यास सेवा देणाऱ्या कंपनीला मालकाची ओळख पटणे सोपे जाते. आत गेल्यावर नवा, लांब आणि अन्यत्र कोठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा, अन्य सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढण्याचा पर्याय वापरावा आणि दुहेरी पडताळणी चालू करावी. त्यानंतर तीन जागा तपासाव्यात. पर्यायी ईमेल व मोबाइल आपलाच आहे ना? आलेली पत्रे गुपचूप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना? आणि खरेदीच्या कंपनीकडून येणारी पत्रे थेट कचरापेटीत टाकणारी गाळणी तर बसवलेली नाही ना? ही शेवटची युक्ती चोरांच्या विशेष आवडीची आहे, कारण ऑर्डरची सूचना मालकाच्या नजरेस पडतच नाही. कधी कधी एकाएकी शेकडो निरर्थक ईमेल येऊ लागतात. तो उपद्रव नसून पडदा असतो. त्या ढिगाऱ्याखाली एका खऱ्या खरेदीची सूचना दडवलेली असू शकते.

मोबाइलचे नेटवर्क कारणाशिवाय तासन्‌तास गेले असेल, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले नाही ना, याची मोबाइल कंपनीकडे त्वरित चौकशी करावी. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते.

तिसरे काम : खाते परत मागणे

आता खरेदी-खात्याची पाळी. कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधील मदत विभागातून खाते बळकावले गेल्याची तक्रार नोंदवावी. मालकी सिद्ध करण्यासाठी जुन्या ऑर्डरचे क्रमांक, बिलांच्या प्रती, पूर्वी नोंदलेला मोबाइल व ईमेल आणि पार्सल येत असलेला पत्ता उपयोगी पडतो. ज्या घरात बिले जपण्याची सवय आहे, ते घर येथे निम्मी लढाई जिंकते. व्हाउचरांचे क्रमांकही तक्रारीत द्यावेत. ती वापरली गेली नसतील तर रद्द होण्याची शक्यता असते.

मदत विभागाकडून समाधान न झाल्यास तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एक महिन्याच्या आत निवारण करावे लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खाते हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. परत मिळालेले खाते नव्याने ताब्यात घेतलेल्या गोदामासारखे कोपरा-कोपरा पाहून घ्यावे. अनोळखी पत्ता जोडलेला असेल तर काढावा. लपवलेल्या किंवा संग्रहात टाकलेल्या ऑर्डर उघडून पाहाव्यात. रवाना न झालेल्या रद्द कराव्यात. साठवलेली कार्डे काढून टाकावीत, नंतर खरेदीची उधारी देणारी सोय चालू असल्यास तिची थकबाकी तपासावी आणि जोडलेली सर्व उपकरणे बाहेर काढावीत.

नियमाची रेघ

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला भुर्दंड नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच व्यवस्थेत कोठेतरी आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. संदेश मिळाला तो दिवस त्यात धरला जात नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवल्यास जबाबदारीला मर्यादा आहे. साधे बचत खाते तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचे चालू, कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्ट खाते यांना ती १०,००० रुपये आहे. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असल्यास तेवढीच. सात दिवस उलटल्यावर प्रश्न त्या त्या बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर जातो. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, अशीही तरतूद त्यात आहे. ४ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने बँकेतर कंपन्यांच्या वॉलेटनाही अशाच स्वरूपाचे संरक्षण दिले. नियमांत वेळोवेळी फेरफार होत असल्याने आपल्या बँकेचे चालू धोरण शाखेतून मागून घेऊन घरात ठेवावे.

ज्याने स्वतःच ओटीपी सांगितला त्याचे काय, हा प्रश्न बाबूजींचा होता. आणि याच भीतीने लोक गप्प बसतात. परिपत्रकाचे उत्तर कठोर आहे, पण पूर्ण निराशेचे नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे तोटा झाला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा; कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच आहे. म्हणजे कळवण्याचा क्षण ही एक रेघ आहे. ती जितकी लवकर ओढाल तितका अलीकडचा भाग लहान राहतो.

आता त्या घराचा हिशेब मांडून पाहावा. सोमवारचे ३८,५०० रुपये ओटीपी सांगितल्यामुळे गेले. ते बाबूजींच्या पदरी येण्याचीच शक्यता अधिक. पण सोमवारी सायंकाळी त्यांनी मुलाला हाक मारली असती, कार्ड बंद झाले असते, तर बुधवारची नोंद उताऱ्यावर आलीच नसती. आली असती तरी रेघेच्या पलीकडे, बँकेच्या बाजूला पडली असती. ते २१,००० रुपये चोराने नेले असे म्हणण्यापेक्षा तीन दिवसांच्या मौनाने नेले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना लागू झाल्यापासून ही दाद एकाच ठिकाणी, विनाशुल्क मागता येते.

विक्रेत्याच्या खात्याचा धोका

व्यापारी घरांच्या बाबतीत प्रकरण येथेच थांबत नाही. अनेक दुकाने आता ऑनलाइन बाजारपेठेवर मालही विकतात आणि कित्येकदा खरेदीचे व विक्रीचे खाते एकाच ईमेलवर, एकाच प्रवेशावर चालते. त्या गुरुवारी रात्री सुनेला ते आठवले आणि तिने विक्रेत्याचे खाते उघडण्याचा प्रयत्न केला; ते उघडेना. मदत विभागाशी बोलल्यावर कळले की बुधवारी जमा-खात्याचा बँक क्रमांक बदलण्यात आला होता. विक्रीचे १,८६,००० रुपये पुढील हप्त्यात त्या अनोळखी खात्यात जाणार होते. बँक क्रमांक नव्याने बदललेला असल्याने ती रक्कम तूर्त रोखलेली होती, म्हणूनच ती वाचली. आणखी दोन दिवस कोणी विचारपूस केली नसती, तर घराच्या तोट्याचा आकडा तिपटीहून अधिक झाला असता.

विक्रेत्याने कंपनीला ताबडतोब लेखी कळवून रक्कम रोखण्यास सांगावे. जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, पॅन आणि जुन्या जमा रकमांचा बँक उतारा हे त्याच्या मालकीचे पुरावे होत. येथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने व्यवहार करणारा सामान्यतः ग्राहक ठरत नाही. म्हणून घरच्या खरेदीच्या तक्रारीला खुली असलेली ग्राहक हेल्पलाइनची वाट विक्रेत्याच्या खात्याला मिळेलच असे नाही. त्याने कंपनीचा विक्रेता विभाग, बँक आणि सायबर पोलीस यांचाच आधार घ्यावा. दोन्ही खाती, दोन्ही ईमेल आणि शक्य तर दोन्ही मोबाइल क्रमांक वेगळे ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. घरखर्चाची वही आणि दुकानाची वही वेगळी ठेवण्याची शिस्त ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना हे नव्याने शिकवावे लागू नये.

दुसरा सापळा

खाते गमावलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला पुन्हा फसवणे सोपे असते. गूगलवर मदत क्रमांक शोधला की पहिल्याच ओळीत भेटणारा क्रमांक कित्येकदा ठकांचाच असतो. तो मनुष्य सहानुभूतीने बोलतो, एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो आणि त्या अ‍ॅपद्वारे मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ शुल्क मागणारे स्वयंघोषित मध्यस्थही याच जातीचे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, परताव्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही आणि १९३० ला तक्रार करण्यास पैसा लागत नाही. ही तीन वाक्ये घरातील ज्येष्ठांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावावीत.

मेळ

त्या घरातील गुरुवारची रात्र उशिरापर्यंत चालली. कार्ड बंद झाले, १९३० वर तक्रार नोंदली गेली, ईमेल परत मिळाला, कंपनीला पत्र गेले. बाबूजी एका बाजूला बसून होते. शेवटी थोरल्या मुलाने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हटले, "नोंद तुमच्याच हाताने करा, बाबूजी." त्यांनी क्षणभर विचार केला आणि खर्चाच्या बाजूला रक्कम लिहून पुढे कारणही लिहिले, जसे आजवरच्या प्रत्येक खर्चाचे लिहीत आले होते.

पासवर्ड बदलता येतो, कार्ड नवे मिळते. ज्या घरात चुकीची कबुली देणाऱ्याला बोल लावले जातात, त्या घरात मात्र पुढच्या वेळीही मौनच पाळले जाते. म्हणून दुहेरी पडताळणीइतकीच एक घरगुती व्यवस्था आवश्यक आहे. रोज रात्रीच्या मेळात बँकेचा उतारा पाहावा, आठवड्यातून एकदा खरेदी-खात्यातील ऑर्डर आणि विक्री-खात्यातील जमा क्रमांक तपासावा, आणि कोणालाही काही संशयास्पद घडल्यास त्याच घटकेला सांगण्याची मुभा असावी, सांगणारा सत्तर वर्षांचा असो वा सतरा वर्षांचा, त्याला पहिला प्रश्न "असे कसे केले?" हा विचारू नये. "किती वाजता झाले?" हा विचारावा. त्या उत्तरावरच पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो.